हातचा कुठे गेला?

मागच्या महिन्यात कोरेगावकडच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. शिवणाच्या मापाच्या वहीतली पानं फाडून लिहिलेलं. एका पानाच्या कडेला कुणाच्या तरी ब्लाऊजची मापं तशीच राहून गेलेली. या बाई घरी शिवण करतात, स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. मुलगा चौथीत, धाकटी मुलगी पहिलीत. त्यांनी लिहिलं होतं ते थोडं आवरून देते.

"ताई, माझा मुलगा फोनवर गणिताचा खेळ खेळतो. राजपुत्र घोड्यावरून जातो, वाटेत दरवाजे लागतात, दरवाज्यावर गणित असतं. बरोबर उत्तर दिलं की दरवाजा उघडतो आणि नाणी पडतात. चाळिसावी लेव्हल झाली म्हणून त्यानं सगळ्या आळीत सांगितलं. मला बरं वाटलं. ह्यांना वेळ नाही, मला येत नाही, निदान फोन तरी शिकवतोय असं मनाला समजावत होते. मग एक दिवस त्याला वाण्याकडे पाठवलं. सत्तावीस रुपयांचं सामान, पन्नासची नोट. दुकानदारानं तेवीस रुपये परत दिले, तर हा तेहतीस मागून बसला. भांडला. चार गिऱ्हाइकं हसली. रडत घरी आला आणि अजून त्या दुकानात जात नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, वजाबाकी कच्ची आहे. आता एक माणूस घरी येऊन गेलाय. खेळातून गणित शिकवणारा टॅब आहे म्हणतो, महिना दीड हजार, दोन वर्षं. ह्यांचं म्हणणं घेऊन टाकू. माझी भिशी लागली आहे. ताई, खेळातून मूल खरंच शिकतं का हो?"

दीड हजार गुणिले चोवीस म्हणजे ३६,००० रुपये. तेवढ्यासाठी किती ब्लाऊज शिवावे लागतील तो हिशेब बाईंनी पत्राच्या कोपऱ्यात मांडला होता आणि मग खोडून टाकला होता. त्या खोडलेल्या आकड्यांनीच मला उत्तर लिहायला बसवलं.

फोन वाईट की चांगला, या वादात मला पडायचं नाही. तो वाद आपल्याकडे रेडिओपासून चालू आहे. बाईंनी विचारलेला प्रश्न त्याहून नेमका आहे. मुलगा चाळीस दरवाजे पार करतो आणि पन्नासातून सत्तावीस वजा करता येत नाहीत, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

मी त्यांना कळवलं, आठ दिवस कशावरही सही करू नका. तेवढे दिवस रोज पंधरा मिनिटं मुलाच्या शेजारी बसा. काही शिकवू नका, रागावू नका. फोनच्या पडद्याकडे पाहूच नका, त्याच्या बोटाकडे पाहा.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. "ताई, तो गणित वाचतच नाही हो!"

दरवाज्यावर गणित असायचं आणि खाली तीन उत्तरं. हा आधी वरचं दाबायचा. चुकलं की 'टूंक' असा आवाज, मग मधलं, मग खालचं. तिसऱ्या खेपेला दरवाजा उघडायलाच हवा, जाणार कुठे! नाणी थोडी कमी पडायची, पण पडायची. गणितावर डोळे जायच्या आधी बोट गेलेलं असायचं. बाईंना याचं फार वाईट वाटलं. मुलगा फसवतोय असं त्या म्हणत होत्या. मला तसं वाटत नाही. मूल खेळ जे मागतो ते देतं. या खेळाला घोडा पळवायला हवा होता, गणित हा वाटेतला टोलनाका होता. आपण तरी टोलनाक्यावर का थांबतो? पुढे जायचं म्हणून. लवकर सुटका होईल तेवढं बरं, ही वृत्ती आपलीही असतेच की.

याच टोलनाक्याची एक छान तपासणी इंग्लंडमध्ये झाली आहे. जेकब हॅबगुड आणि शॅरॉन एन्सवर्थ या दोन संशोधकांनी ७ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी भागाकाराचा एक खेळ वापरला. त्यात अंगावर आकडे लिहिलेले हाडांचे सांगाडे चाल करून येतात, आणि वेगवेगळी हत्यारं वेगवेगळ्या आकड्यांनी भाग पाडतात. ज्या संख्येला नि:शेष भाग जातो तोच सांगाडा पडतो. म्हणजे भागाकार हीच तलवार. याच खेळाचा दुसरा प्रकारही त्यांनी बनवला. त्यात लढाई नुसती लढाई, आणि मधेमधे भागाकाराची प्रश्नपत्रिका, आपल्या राजपुत्राच्या दरवाज्यांसारखी. २०११ साली हे काम प्रसिद्ध झालं. सारखाच वेळ खेळूनही पहिल्या प्रकारातली मुलं जास्त शिकली. आणि आवडेल तो प्रकार खेळा म्हणून मोकळं सोडलं तेव्हा मुलं सातपट वेळ त्या पहिल्याच प्रकारात रमली.

तेव्हा खेळ निवडताना मी एकच गोष्ट पाहते. यातून गणित काढून टाकलं तर खेळ उरतो का? घोडा पळतच राहत असेल तर गणित वरून चिकटवलेलं आहे. गणित काढल्यावर खेळच कोसळत असेल तर तो कामाचा. शब्दांच्या खेळालाही हेच लागू, नकाशाच्याही.

पण थांबा, एवढ्यानं कोरेगावच्या मुलाचं काम होत नव्हतं. चांगल्यातला चांगला खेळही बहुधा 'चूक' एवढंच सांगतो. काय चुकलं ते सांगत नाही. आणि तो तेहतीसचा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. पोरानं तेहतीसच का मागितले? तीस का नाही, चाळीस का नाही?

इथे मला एक जुना खेळ आठवला. तो मुलांसाठी कमी आणि शिकवणाऱ्यांसाठी जास्त होता. अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७० नंतरच्या दशकात तो संगणकावर तयार केला. नाव 'बगी'. आपल्या घोड्याच्या बग्गीशी त्याचा काही संबंध नाही बरं का! संगणकवाले प्रोग्रॅममधल्या दोषाला 'बग' म्हणतात, त्यावरून ते नाव. या खेळात संगणक चुकणारा विद्यार्थी होतो. तो एक वजाबाकी चुकीची करून दाखवतो. समोर बसलेल्या होऊ घातलेल्या शिक्षकानं त्याला आपल्या मनानं आणखी वजाबाक्या घालायच्या, तो चुकत राहतो, पण प्रत्येक वेळी एकाच रीतीनं चुकतो. ती रीत ओळखायची. ओळखली असं वाटलं की शिक्षकाचीच परीक्षा: आता नवी गणितं घे आणि त्या विद्यार्थ्यासारखं चुकून दाखव! मला तर हे वाचूनच मौज वाटली. निकाराग्वा देशातल्या हजाराहून जास्त शाळकरी मुलांच्या वजाबाक्याही या दोघांनी अशाच तपासल्या. १९७८ मध्ये त्यांनी मांडलं ते असं, की मुलांच्या पुष्कळशा चुका वेंधळेपणाच्या नसतात. मूल एक नियम अगदी मन लावून पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. ५२ वजा २७. खरं उत्तर २५. पण समजा मुलानं ३५ लिहिलं. कसं आलं? एक शक्यता अशी की 'मोठ्यातून लहान' एवढंच त्याला ठाऊक आहे. दोन आणि सात, मोठा सात, सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन. झाले पस्तीस. दुसरी शक्यता, त्याला हातचा घेता येतो. बारातून सात गेले पाच. पण दशकातला एक आपण घेऊन आलो, तो कमी करायचा हे विसरला. पाचातून दोन गेले तीन. पुन्हा पस्तीसच! उत्तर एक, रोग दोन. पहिल्याला हातचा पहिल्यापासून समजवावा लागेल. दुसऱ्याचं नव्वद टक्के आलेलं आहे. तीन पर्यायांतला '३५' दाबला तर फोनला हा फरक कुठून कळणार?

तो कळायला दुसरं गणित घालावं लागतं. ६१ वजा ३४ घ्या. पहिल्या प्रकारचं मूल ३३ लिहील, दुसऱ्या प्रकारचं ३७. खरं उत्तर २७.

मी कोरेगावला हीच दोन गणितं पाठवली. म्हटलं, कागदावर करायला सांगा, मोठ्यानं बोलत करायला सांगा, आणि तो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून पाठवा. बाईंचं पत्र आलं. उत्तरं ३५ आणि ३७. म्हणजे मुलाला हातचा येत होता! पन्नासातून सत्तावीसचे तेहतीस याच वाटेनं आले होते. दहातून सात गेले तीन, पाचातून दोन गेले तीन. दुकानात हसणाऱ्या चार गिऱ्हाइकांना काय ठाऊक, पोरगं खऱ्या उत्तरापासून एका पावलावर उभं होतं ते.

पण खरी गंमत मुलाच्या बोलण्यात होती. तो म्हणत होता, "दोनातून सात जात नाहीत, हातचा घेतला, बारातून सात गेले पाच. हातचा आईच्यात खाली जातो, बाईंच्यात वरून जातो." आणि मग हातचा कुठेच न देता पुढे जात होता.

तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना हे लगेच उमगलं असेल. आम्ही शाळेत शिकलो ती रीत अशी: हातचा एक घेतला, तो खालच्या दोनात मिळवला, झाले तीन, पाचातून तीन गेले दोन. आता शाळेत शिकवतात ती रीत निराळी: वरच्या पाच दशकांतला एक दशक सुटा केला, वर राहिले चार, चारातून दोन गेले दोन. दोन्ही रीती बरोबर, दोन्हींचं उत्तर पंचवीस. बाईंनी घरी बसून आपली रीत शिकवली होती, शाळेत दुसरी शिकवली गेली, आणि पोरानं दोघींचा मान राखत मधला रस्ता काढला. बाईंनी पत्रात लिहिलं, "म्हणजे माझ्यामुळेच झालं का हो?" मला वाटतं, या सगळ्या पत्रव्यवहारात हाच एक प्रश्न चुकीचा होता. त्या शिकवायला बसल्या म्हणून तर त्याला हातचा आला. आणि तो कुठे हरवतोय हेही त्यांनीच कान देऊन ऐकलं. चाळीस लेव्हल घेतलेल्या फोनला ते ऐकू आलं नव्हतं.

पुढचं काम घरातल्या घरात झालं. खराट्याच्या काड्या स्वच्छ धुऊन सारख्या लांबीच्या तोडायच्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधायचे. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या म्हणजे ५२. आता सत्तावीस काड्या मला दे, म्हणायचं. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत, गठ्ठा सोडावाच लागतो, आणि सोडला की तो गठ्ठ्यांत उरत नाही. पाचाचे चार झालेले डोळ्यांना दिसतात. सध्या शाळेची रीतच धरा, आपली जुनी रीत पुढे पोर हुशार झालं की गंमत म्हणून दाखवा.

आणि मग 'बगी' खेळा, फोनशिवाय. चुकणारा विद्यार्थी आपण व्हायचं. मनात एक चुकीचा नियम धरायचा, मुलानं गणितं घालायची, आपण त्याच नियमानं चुकायचं आणि त्यानं आपली चूक पकडायची. आईची चूक पकडण्यासारखं सुख मुलाला दुसरं नसतं! भाकरी भाजता भाजताही हा खेळ जमतो. एक सांभाळा, चूक धरली की तीच धरून ठेवा. मधेच दुसऱ्या तऱ्हेनं चुकलात तर खेळ मोडतो, आणि पोरं फार बारकाईनं पाहतात.

म्हणजे फोन कपाटात टाकायचा का? नाही. चांगले खेळ आहेत आणि फुकटही आहेत. मी स्वतः शेजारच्या मुलांबरोबर वापरलेला एक सांगते, 'जीकॉम्प्रिस'. ब्रुनो कूदाँ या फ्रेंच गृहस्थांनी २००० साली तो सुरू केला. नाव फ्रेंचमधल्या 'समजलं मला!' या बोलण्यावरून घेतलेलं. साधारण २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभरावर लहान लहान खेळ आहेत. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. त्यातला तराजू मला सर्वांत आवडला. एका पारड्यात वस्तू, दुसऱ्यात वजनं टाकून तराजू समतोल करायचा. बेरीज काढून टाकली तर त्यात उरतं काय? तसाच घड्याळाचे काटे फिरवून वेळ लावण्याचा, आणि नोटा-नाणी देऊन सामान घेण्याचा. सगळेच खेळ असे नाहीत, काही नुसती घोकंपट्टी आहे. ते सोडून द्या.

घरात फोन एकच आहे आणि मुलं दोन, ही तक्रार बऱ्याच पत्रांत असते. मी तिला तक्रार म्हणत नाही. १९७१ साली अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका शाळेत डॉन रॉविच नावाच्या शिकाऊ शिक्षकानं दोन मित्रांच्या मदतीनं इतिहासाच्या तासासाठी 'ओरेगॉन ट्रेल' हा खेळ रचला. बैलांच्या गाडीतून पश्चिमेकडे निघालेलं कुटुंब, हाती ठरावीक पैसे, त्यात बैल, धान्य, कपडे, दारूगोळा काय किती घ्यायचं ते ठरवायचं. पडदासुद्धा नव्हता, यंत्र कागदाच्या गुंडाळीवर छापून उत्तर द्यायचं. यंत्र एक आणि मुलं अख्खा वर्ग. तर मुलांनीच कामं वाटून घेतली. टाइप करणारा टाइप करी, हिशेबाला पक्का तो पैशांवर, तिसऱ्याची नजर नकाशावर. निर्णय भांडून, बोलून व्हायचे. तेव्हा मोठ्यानं फोन धरावा, धाकटीनं 'असं का केलंस?' विचारावं. उत्तर द्यायला त्याला विचार करावा लागेल. हेडफोन मात्र देऊ नका. कानात बोळे घातले की खेळ एकट्याचा होतो.

वेळेचं विचाराल तर, आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली घालून दिलेली मर्यादा अशी: दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. यात टीव्हीही आला. खेळ गणिताचा आहे म्हणून जास्तीचे तास मिळत नाहीत. नेट बंद करून खेळ चालत असेल तर तसाच चालवा, जाहिराती बऱ्याच कमी होतात. आणि फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. नाण्यांची थैली विकत घ्या म्हणून बटण चमकलं की लहान बोट ते दाबणारच.

राहता राहिला तो टॅबवाला. बाईंनी माझ्या सांगण्यावरून त्याला तीन गोष्टी विचारल्या. नको झालं तर पैसे परत मिळण्याची अट लेखी दाखवा. हा हप्ता तुमच्या कंपनीला जातो की आमच्या नावावर कुणा फायनान्सचं कर्ज काढलं जातंय? आणि माझा मुलगा चुकला तर तुमचा टॅब मला काय सांगेल? पहिल्या दोन प्रश्नांना तो 'ऑफिसला विचारून सांगतो' म्हणाला. तिसऱ्याला म्हणाला, हिरव्या-लाल रंगाचा तक्ता येतो. हे कर्जाचं मात्र सगळ्यांनी ध्यानात धरा. असे हप्ते पुष्कळदा आपल्या नावावरचं कर्ज असतात. मुलानं चार दिवसांत टॅब कोपऱ्यात टाकला तरी हप्ता थांबत नाही. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. बाईंनी सही केली नाही. यजमान दोन दिवस घुश्शात होते म्हणे. मग एका रात्री तेही काड्यांचे गठ्ठे घेऊन बसले.

कालच कोरेगावचं पत्र आलं. त्या भिशीतून शिवणयंत्राला मोटर बसवली. मुलगा परवा आपण होऊन त्याच दुकानात गेला. शंभराची नोट, सामान अडुसष्ट रुपयांचं. दुकानदारानं पैसे मोजून द्यायच्या आधीच यानं "बत्तीस" म्हणून हात पुढे केला. घोड्याचा खेळ अजून खेळतो, पण नाण्यांसाठी खेळतो हे आता उघडपणे सांगतो. बाईंनी पुढचं विचारलंय: पाचवीत मोठे भागाकार येतील, तिथे मुलं कुठे कुठे अडखळतात? उत्तर बरंच मोठं आहे, पुढच्या अंकात देते. तोवर ९६ भागिले ४ आणि ८१६ भागिले ४ ही दोन गणितं घरच्या मुलाला मोठ्यानं बोलत करायला सांगा, आणि तो काय बोलतो ते मला लिहून पाठवा. उत्तर नको, बोलणं हवं.